दुपारी दोनची बॅच

२७ जून, शुक्रवार

उद्या सकाळी अकराला समितीची बैठक. नव्या सत्राची पहिली. निळी सुती साडी इस्त्री करून खुर्चीवर घालून ठेवली आहे, आणि घरातला जो तो त्या खुर्चीवर बसायला बघतो आहे.

समिती म्हणजे आमच्या रायपुरच्या कम्युनिटी कॉलेजची. आम्ही सात जण. अध्यक्ष चंद्राकर वकीलसाहेब, चाळीस वर्षं कोर्टात घालवून आता निवृत्त. प्राचार्य अनिमेष सर, तोंडानं गोड आणि कामानं बरे. चौघे डॉक्टर-व्यापारी मंडळी, ती मान हलवतात. सातवी मी, सत्यभामा गजभिये, शाळेतली इयत्ता चौथी. पुढचं जे काही आलं ते वाचून, विचारून आणि चुकून आलं. रेल्वे कॉलनीच्या विहारात तेवीस वर्षं मी बायकांना शिवण शिकवलं. त्याच वर्गाचं वाढत वाढत कॉलेज झालं, म्हणून मला समितीत घेतलं. चंद्राकर साहेब पाहुण्यांना सांगतात, "बहनजी हमारी नींव हैं." पाया घराच्या खाली असतो, त्याच्याकडे कोणी बघत नाही, हे मला कळतं. तरी ऐकायला बरं वाटतं.

ऑफिस आणि कॉम्प्युटरचे वर्ग ब्राह्मणपाऱ्यात आहेत, शिवण आणि एसी दुरुस्ती पंडरीला कपडा मार्केटच्या मागे. तिथली दुपारी दोनची शिवणाची बॅच अजून मीच घेते. आणि यंदापासून शहराबाहेर वसवलेल्या नवा रायपुरात नवी कोरी इमारत. ती मी मागच्या महिन्यात बघून आले. फरशी इतकी चकचकीत की मी चपला बाहेर काढून आत गेले. चौकीदार हसला.

हे म्हणतात, "मीटिंगमंदी भाषण नोको देऊ. चहा पेवाचा, सही करावाची, घरी यावाचं." हे म्हणजे लहानूजी, माझे यजमान, वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झाले. तिथल्या मीटिंगा त्यांनी अशाच काढल्या.

२८ जून, शनिवार

आधी मुख्य तेच लिहिते. मी आज समितीचा राजीनामा दिला.

विषय क्रमांक चार: पंडरीची दुपारी दोनची शिवणाची बॅच नवा रायपुरला हलवणे. कारण असं की नवी इमारत रिकामी आहे आणि ऑगस्टात सरकारी मंडळी तपासणीला येणार. रिकाम्या खोल्या कशा दाखवायच्या? तर उचला शिवणाच्या बायका आणि बसवा तिथं, जसं पाहुणे येणार म्हणून शेजारच्या खुर्च्या आणतात.

मी समजावून सांगितलं. या बायका पंडरीतल्या साडीच्या दुकानांत फॉल-पिको करतात, घड्या घालतात, गठ्ठे बांधतात. दुपारी दोन ते चार मार्केट पेंगतं, तेवढेच दोन तास सेठ त्यांना सोडतो. नवा रायपुरला जाऊन यायलाच दोन तास लागतात, तेही बस मिळाली तर. मग शिकायचं कधी, बसमध्ये?

डॉक्टर फोनमध्ये बघत होते. चंद्राकर साहेब म्हणाले, "बहनजी, आप भावुक हो जाती हैं. दस-बारह महिलाओं के लिए पूरी बिल्डिंग खाली रखें?"

मी म्हटलं, "उन्नीस हैं."

"चलिए, उन्नीस."

ते "चलिए" मला लागलं. भाजीवाल्याला म्हणतात तसं म्हणाले. मी रजिस्टरमधला एक कोरा कागद ओढला आणि सुवाच्य अक्षरात हिंदीत लिहिलं: "इस प्रस्ताव पर मैं अपना राजीनामा देती हूँ." खाली सही, तारीख. कागद त्यांच्यासमोर ठेवला, पिशवी उचलली आणि निघाले. आमच्या रेल्वेच्या घरांत राजीनाम्याची सवय नाही. तिथे माणूस रिटायर होतो, नाहीतर फोटोत जातो. हा शब्द हिंदीत लिहायची वेळ आयुष्यात पहिल्यांदाच आली.

दारापर्यंत पोचले तोवर साहेबांनी वाचलं होतं. मागून म्हणतात, "वाह बहनजी. बड़ा दिल है आपका."

टोमणा मारायची पण एक रीत असते. मी वळून पाहिलं नाही.

घरी सांगितलं तर हे चष्म्यावरून बघत राहिले. "देल्ला? खरंच देल्ला?"

"हो."

"मंग आता रोज दुपारी घरी राहाशीन?"

"राहीन."

"मले झोपू देशीन न?"

हे दुःख त्यांचं. तत्त्वासाठी माणसानं पद सोडलं की घरात कोणाला काही वाटेल असं मला वाटत होतं. स्वयंपाकघराचा राजीनामा कोणी घेत असतं तर तोही आजच दिला असता.

३० जून, सोमवार

ऑफिसचे देवांगन बाबू स्कूटरवर येऊन पेढ्यांचा डबा देऊन गेले. "अध्यक्षजी ने भिजवाया है, मैडम जी. बहुत खुश हैं." मी विचारलं, इतके खुश आहेत? तर म्हणे, "हव, बहुत."

माणसाला घालवायचं आणि वर पेढे वाटायचे. मी डबा उघडला नाही. यांनी उघडला. दोन खाऊन म्हणाले, "राजीनाम्याचे पेढे चांगले हायेत वं. केशर टाकलं हाय." नात रीना तिच्या कॉलेजातून आली, तिनं चार खाल्ले. संध्याकाळी मी पण एक खाल्ला. अन्नावर राग कशाला.

४ जुलै, शुक्रवार

मागच्या बैठकीची कार्यवाही, म्हणजे लेखी वृत्तांत, आली. वाचून अंगाचा तिळपापड झाला. विषय चार, त्याखाली ओळ: "श्रीमती गजभिये द्वारा राजीनामा दिए जाने पर प्रस्ताव सर्वसम्मति से पारित हुआ." म्हणजे मी दाराबाहेर पडले आणि लगेच सगळ्यांचं एकमत झालं. काटा निघाला, पाय मोकळा. लिहायला पण लाजले नाहीत.

सोबत सोमवारच्या सत्रारंभाचं कार्ड. त्यावर सदस्यांच्या यादीत माझं नाव. देवांगन बाबूंनी मागच्या वर्षीचाच मजकूर छापायला दिलेला दिसतो. आळशीपणा माणसाला किती उघडा पाडतो.

दुपारी त्यांचाच फोन. अध्यक्षांची इच्छा आहे की दीप मी लावावा, शाल-श्रीफळ देणार आहेत.

निरोपाचा समारंभ करताहेत माझा. मी म्हटलं, माझे गुडघे दुखतात, येणार नाही. गुडघे खरंच दुखतात, पण इतके नाही.

७ जुलै, सोमवार

सत्र सुरू झालं. मी गेले नाही. दिवसभर चांगली होते. चिवडा केला, रीनाच्या कुर्त्याची बाही उसवून नीट बसवली, गच्चीवरच्या मिरच्यांना माती घातली. दोन वाजता उगाच घड्याळाकडे पाहिलं. जुन्या सवयीनं.

खरं सांगायचं तर मनात एक किडा आहे. मी बायकांसाठी पद सोडलं की त्या "चलिए"साठी? दोन्हीसाठी, असं म्हणते आणि पुढं जाते.

१० जुलै, गुरुवार

आषाढी पौर्णिमा. विहारात आजपासून वर्षावास, पावसाळ्याचे तीन महिने चालणारं ग्रंथाचं वाचन सुरू झालं. पहिला अध्याय मीच वाचते दरवर्षी. वाचून झाल्यावर खीर वाटप होतं, तिथं विनोदिनी दिसली.

विनोदिनी म्हणजे दोनच्या बॅचची माझी सगळ्यात हट्टी पोरगी. पोरगी कसली, चौतीस वर्षांची, दोन लेकरांची आई, भंडाऱ्याकडून लग्न होऊन इकडे आलेली. सरळ शिवण मारता येत नाही पण ब्लाऊजचा गळा असा कापते की बघत राहावं. तिनं "जय भीम" केला, पण तो हातांतच राहिला, डोळ्यांपर्यंत आला नाही.

मी विचारलं, "का वं, तोंड काहून उतरलं?"

"तुमचं बरं हाय, मावशी. नवी बिल्डिंग, नवी फरशी. आमी जातो गावाबाहेर पाय तोडत."

"मले काहून बोलून राहिली? मी तं त्याच्यापायीच राजीनामा देल्ला."

"देवांगन बाबू तं सांगून राहिले का मावशी राजी झाल्या. तुमीच हो म्हणून देल्लं, त्याच्यानं पास झालं म्हणे."

"खोटं बोलते तो."

"अन् कार्ड? राजीनामा देल्लेल्या माणसाचं नाव कार्डावर छापते का कोणी?" तिनं पिशवीतून घडी केलेलं कार्ड काढलं. माझं नाव बोटानं दाखवलं.

मग ती हळू आवाजात म्हणाली, "एक वर्स रायलं होतं माह्यं. सर्टिफिकेट भेटलं असतं तं सेठ दुकानात मशीन लावून देणार होता, कारागीर म्हणून. आता गठ्ठेच बांधतो आयुष्यभर. मंगळवारी मशिनी चालल्या तिकडं, मालूम हाय न तुमाले?"

मला माहीत नव्हतं. खीर हातात तशीच राहिली. तिच्या मागं बाकीच्या चार जणी उभ्या होत्या. एकीनंही माझी बाजू घेतली नाही.

तेवीस वर्षांत माझ्यावर कोणी रागावलं नाही असं नाही. पण "हिनं आपल्याला विकलं" अशा नजरेनं कोणी पाहिलं नव्हतं.

११ जुलै, शुक्रवार

देवांगन बाबूंना फोन केला, विचारलं, तुम्ही बायकांना काय सांगितलं? म्हणाले, "वही जो आपने लिखा, मैडम जी." मी म्हटलं, मी काय लिहिलं ते मला माहीत आहे. "हव," म्हणाले, "हमको भी." फोन ठेवला.

माणूस इतक्या सरळ आवाजात खोटं बोलू शकतो हे मला आजवर कळलं नव्हतं.

१३ जुलै, रविवार

हसू की रडू, असं झालं आहे. क्रमानं लिहिते.

यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून सकाळी पेपर मी मोठ्यानं वाचते. काल लोक अदालत होती, तिची बातमी होती. मथळा: "लोक अदालत में हुआ राजीनामा, पाँच साल बाद साथ घर लौटे पति-पत्नी."

मी वाचलं आणि थांबले. पुन्हा वाचलं. "अहो, दोघांनी राजीनामा देल्ला, अन् मंग संगंच घरी कसे गेले?"

"जात असन," हे म्हणाले. "मी बी कितीदा देल्ला. जेवाच्या टायमाले वापस आलो."

"नवरेपणाचा राजीनामा कोर्टात देते का कोणी?"

रीना आरशासमोर वेणी घालत होती. तिला मराठी सगळं समजतं, बोलते मात्र हिंदीत. म्हणाली, "आजी, राजीनामा मतलब समझौता. दोनों मान गए, केस खत्म."

"मग नोकरी सोडतात ते?"

"वो तो इस्तीफा."

"राजीनामा म्हणत नाहीत?"

"मराठी में बोलते होंगे. हिंदी में राजीनामा मतलब राज़ी हो गए. क्यों, आपने किसको दे दिया?"

यांना आधी समजलं. हातातला चहा खाली ठेवला, मांडीवर थाप मारली आणि असे हसले की खोकला लागला, रीनाला पाठ चोळावी लागली. "पेढे," एवढंच म्हणत होते. "पेढे, अन् बडा दिल."

मग माझ्या डोक्यात एक एक खिडकी उघडत गेली. "वाह बहनजी." केशराचे पेढे. दीप मी लावायचा. कार्डावरचं नाव. "आपने लिखा." देवांगन बाबूंना मी मनातल्या मनात केवढं बोलले, त्या बिचाऱ्यानं एक शब्द खोटा सांगितला नव्हता. पन्नास वर्षं या शहरात हिंदीत भाजी घेतली, भांडले, डॉक्टरला दुखणं सांगितलं. एक शब्द पदराला बांधून विदर्भातून आणला होता तो तसाच राहिला, आणि सोडला तो नेमका वकिलासमोर, ज्यानं जन्मभर राजीनामेच लिहिले.

मी पण हसले. पोट धरून हसले. आणि हसता हसताच थंड झाले. कारण विनोदिनी खरं तेच बोलली होती. हो मीच म्हटलं. एकोणीस बायकांच्या वतीनं, माझ्या हातानं, सुवाच्य अक्षरात, तारखेसकट.

मशिनी परवा जाणार.

१४ जुलै, सोमवार

सकाळी नऊलाच चंद्राकर साहेबांच्या घरी गेले. रीनाला सोबत नेलं, म्हटलं पुन्हा एखाद्या शब्दावरून पाय घसरला तर धरायला कोणी असावं.

साहेब व्हरांड्यात होते. मला बघून उठले, म्हणाले, घुटने कैसे हैं? मी आधी माफी मागितली, मग सगळं सांगितलं. त्यांनी आतून फाइल मागवली, माझा कागद काढला, नाकाजवळ धरून वाचला. पुन्हा माझ्याकडे पाहिलं.

"तो आप इस्तीफा दे रही थीं?"

"हाँ."

"उस दिन आप गुस्से में गई थीं?"

"बहुत."

त्यांनी कागद पुन्हा एकदा वाचला. मग त्यांचे खांदे हलायला लागले. "बहनजी, चालीस साल में हज़ारों राजीनामे लिखवाए. राजीनामा करके कोई सोलह दिन नाराज़ बैठा हो, ऐसा पहली बार देखा." त्यांच्या मिसेस गरम फरा घेऊन आल्या, त्यांना सांगितलं, त्याही हसल्या. तांदळाचे ते मुटके चटणीसोबत छान झाले होते. मी दोन खाल्ले.

मी विचारलं, "वो काग़ज़ अब वापस होगा?"

साहेब एकदम वकील झाले. म्हणाले, एकच शब्द, दोघांनी दोन अर्थानं घेतला, म्हणजे संमती झालीच नाही. कायद्यातसुद्धा नाही. मग पातळसं पुस्तक काढलं, आमच्या समितीची नियमावली. ती माझ्याकडे पण आहे, कपाटात साड्यांच्या खाली, कधी उघडली नाही. त्यांनी बोट ठेवलं तिथं रीनानं वाचलं: कोणतंही केंद्र किंवा वर्ग हलवायचा असेल तर त्या वेळी जितके सदस्य असतील त्या सगळ्यांची संमती हवी. एकही कमी चालणार नाही.

"समझीं?" साहेब म्हणाले. "उस दिन आप सचमुच इस्तीफा दे जातीं, तो बचते छह. छह के छह राज़ी. प्रस्ताव उसी मिनट पास."

हे मात्र मला बसल्या जागी लागलं. मी ज्याला विरोध समजत होते त्यानं त्यांचं काम आणखी सोपं झालं असतं. रुसून ताटावरून उठलं की आपला वाटा दुसऱ्याच्या पानात जातो, हे मी सुनेला शिकवलं होतं. स्वतः शिकायचं राहिलं.

त्यांनी चष्मा पुसला. "तो अब बताइए. राजीनामा, कि इस्तीफा?"

मी म्हटलं, "दोनों नहीं. मैं बैठूँगी, और ना बोलूँगी."

मग ते जे बोलले ते अध्यक्षासारखं नव्हतं. म्हणाले, ती इमारत माझा हट्ट होता, सगळे नको म्हणत होते. तिथं जातो तर माझ्याच पावलांचा आवाज येतो. तपासणीत रिकामी दिसली तर लोक काय म्हणतील. म्हणून मी घाई केली.

त्या "चलिए"चा राग आणावा म्हटलं, पण तो येईना. म्हातारा माणूस, पायात घरातली चप्पल, आणि रिकाम्या खोल्यांची भीती. मी म्हटलं, खोल्या भरू, पण ज्यांना जाता येईल त्यांनी भरू.

त्यांनी माझ्यासमोर देवांगन बाबूंना फोन लावला, मशिनी थांबवा. बैठक परवा.

१५ जुलै, मंगळवार

पंडरीला गेले. मशिनी गेल्या नव्हत्या, पण चौदाच्या चौदा फरशीवरून उखडून, दोऱ्यांनी बांधून, व्हरांड्यात उभ्या होत्या.

शेजारच्या खोलीत एसी दुरुस्तीची पोरं होती. मी सहज विचारलं, तुम्हाला नवा रायपुरला वर्ग चालेल का? एकजण म्हणाला, "हव दादी, चलेगा. मस्त रोड है उधर." बारापैकी दहा जणांकडे मोटारसायकली. बाकीचे दोघं मागं बसणार म्हणाले. एकानं तर विचारलं, उद्यापासून का?

त्यांना आजवर कोणी विचारलंच नव्हतं. मी पण नाही.

१६ जुलै, बुधवार

बैठक झाली. आधी साहेबांनी स्वतःच सगळा किस्सा सांगितला, डॉक्टरांनी फोन खाली ठेवून ऐकला. हसून झाल्यावर विषय चार पुन्हा आला. रीनाकडून काल पाठ करून घेतलं होतं. कागदावर लिहिलं: "मैं इस प्रस्ताव से असहमत हूँ." साहेबांनी मोठ्यानं वाचलं, आणि विचारलं, "बहनजी, मराठी में भी यही मतलब है न?" मी म्हटलं, दोन्हीकडे हेच आहे.

मग एसीच्या पोरांचं सांगितलं. अनिमेष सर म्हणाले, "मैंने तो उनसे पूछा ही नहीं था." कागदावर काहीतरी खरडलं, म्हणाले, त्यांच्यासाठी जागाही तिथं जास्त आहे, अवजारं पसरता येतील. ठरलं. एसीची बॅच जाणार, शिवणाची पंडरीलाच. सोमवारपासून, दोन वाजता. या वेळी सह्या करण्याआधी मी कार्यवाहीची ओळ न् ओळ रीनाला फोनवरून वाचून दाखवली. देवांगन बाबू उभे होते, म्हणाले, "अब हमारे ऊपर भरोसा नहीं रहा क्या?" मी म्हटलं, तुमच्यावर आहे, माझ्या हिंदीवर नाही. आणि शुक्रवारच्या फोनबद्दल माफी मागितली. त्यांना कशाबद्दल ते कळलंच नाही.

१८ जुलै, शुक्रवार

मला वाटलं होतं बैठक जिंकली की संपलं.

आज पंडरीत दुकान-दुकान फिरले. गुडघे आता खरंच दुखताहेत. बायकांना सांगितलं, बॅच इथंच राहिली, सोमवारी या. कोणी "बरं" म्हणाली, कोणी "बघतो". मी राजीनाम्याची गोष्ट सांगायला लागले, तर त्यातली एक, गठ्ठ्याची गाठ मारता मारता म्हणाली, "मावशी, हे आता हिंदीत सांगून राहिल्या का मराठीत?" बाकीच्या खो खो हसल्या. मी पण हसले. बरोबर आहे, मिळायला हवंच होतं.

विनोदिनीनं ऐकून घेतलं, पण हसली नाही. बॅच गेली असं समजून तिनं ते दोन तास सेठला देऊन टाकले होते. आता दोन ते चार ती गोदामात माल उतरवून घेते. मी सेठकडे गेले. गल्ल्यावर बसलेला, चाळिशीचा, नावानं विहंग. म्हणाला, "दादी, रोज़-रोज़ टाइम बदलेगी तो दुकान कैसे चलेगी?" मी म्हटलं, चूक तिची नाही, माझी. एका शब्दाची. तो म्हणाला, "देखता हूँ."

"देखता हूँ" या शब्दाचा अर्थ दोन्ही भाषांत एकच आहे.

२० जुलै, रविवार

हे पान्हा आणि तेलाची कुपी घेऊन पंडरीला गेले होते. माझ्यासोबत, पण मला विचारून नाही. मशिनी परत फरशीला बसवल्या, पट्टे ताणले, तेल घातलं. एकेक मशीन फिरवून कानानं ऐकत होते, वॅगनचं चाक ऐकायचे तसं. म्हणाले, "सातवीचा आवाज बरोबर नाही वाटत." आणि तासभर सातवीपाशी बसले. दुपारची झोप गेली, पण त्याबद्दल काही बोलले नाहीत. घरी येताना रस्त्यात भजी खाल्ली. बरा दिवस गेला.

२१ जुलै, सोमवार

पावणेदोनला जाऊन खोली उघडली. पंखे लावले. मशिनीवरची फडकी काढली. आणि दारात उभी राहिले.

दोनला तिघी आल्या. दोन-पाचला दोघी. गठ्ठेवाली आली, म्हणाली, "मराठीतच होतं वाटते." सव्वादोनपर्यंत तेरा जणी झाल्या. पाच जणी येणार नाहीत, दोघींनी दुसरं काम धरलं, एक माहेरी गेली, दोघींचं कारण कळलं नाही. हे मी माझ्या नावावर धरते. पुन्हा जाईन त्यांच्याकडे.

विनोदिनी नव्हती. मी काज करायचं शिकवायला घेतलं, पण लक्ष दाराकडे. सारखी उठून दारात जात होते.

दोन पंचवीसला जिन्यावर पावलं वाजली. तीच. म्हणजे सेठनं "देखलं" होतं. केसांवर गोदामातली धूळ, पदर खोचलेला. माझ्याकडे बघितलं नाही. सरळ आत गेली, सातव्या मशिनीवर बसली, पायानं दोनदा फिरवून पाहिली, पिशवीतून अर्धवट परकर काढला, दोरा ओवायला लागली. सुईचं भोक काही सापडेना. मी दारातच उभी होते, काय बोलावं या विचारात. माफी मागावी तर बाकीच्या ऐकतील, न मागावी तर तिच्या मनात राहील.

ती मान वर न करता म्हणाली, "मावशी, सरका न दारातून. उजेड अडून राहिला."

मी सरकले. तिच्या शेजारी स्टूल ओढून बसले ते चार वाजेपर्यंत. तिनं परकराची काठाची शिवण घातली. नेहमीसारखी वाकडी गेली. मी दोनदा उसवायला लावली. दुसऱ्यांदा तिनं तोंड वाकडं केलं, काहीतरी पुटपुटली जे मी ऐकलं नाही असं दाखवलं, आणि उसवली.